कडीची उंची

पत्र आलं तेव्हा मी रंधा मारत होतो.
खोब्रागडे मॅडम उन्हातून चालत आल्या.
म्हणाल्या, प्रत्येक वर्गाला आतून बंद होणारी कडी पाहिजे,
आणि दुसऱ्या पानावर असंही आहे
की ती एका हातानं उघडावी,
मनगट न पिळता, किल्ली न शोधता,
बसल्या जागेवरून.

पहिलं पान गावात सगळ्यांनी वाचलं होतं.
पहिलं पान बिबट्याचं.

पौषातली सकाळ. खिचडीचं पातेलं ओसरीत
आणि पातेल्याच्या पलीकडे तो,
कुत्र्यामागं आलेला.
मॅडम पाण्याच्या टाकीजवळ.
चौथीच्या वर्गात बावीस पोरं,
आणि कडी माझ्याच बापानं ठोकलेली,
पार दाराच्या माथ्याशी.
"पोट्टे खेळतेत कडीशी, वरच बरी."

कुणाचाच हात पुरला नाही.
टिकेश्वरी वलकेनं खुर्ची फिरवली,
पाठ दाराला लावली,
दोन्ही चाकांचे ब्रेक ओढले
आणि बसून राहिली.
वनखात्याची गाडी येईस्तोवर पाऊण तास
तीच दाराची कडी.

मग कौतुक झालं. शाल, नारळ,
पंचायतीच्या भिंतीवर फोटो.
तेव्हा पाठीला काय लागत होतं,
हे तिला कुणी विचारलं नाही.
मी विचारलं, माप घेताना.
म्हणाली, "बाबाजी, त्याचा श्वास लाकडातून आयकू येत होता.
अन् मले शूले लागली होती."

सभेत उषाताई गहाणे म्हणाल्या,
बाहेरून मोठी कुलपं लावू, किल्ल्या शिपायापाशी.
शिपाई आठवड्यातून चार दिवस तुमसरला असतो.
मी सभेत बोलत नाही. त्या दिवशी उठलो.
म्हटलं, नाल्याकाठी वनखात्यानं पिंजरा ठेवलाय,
त्याचं दार पाहून या.
बाहेरून पडते, आतून हलत नाही.
तसं दार मी पोरांना बसवणार नाही.
उद्या चुलीनं पेट घेतला तर?

मग उंबरठा.
बीजाचा, चार बोटं उंच,
दर दिवाळीला हळदकुंकू लागलेला.
म्हातारे म्हणाले, कापशील तर साप-विंचू सरळ आत.
खरं होतं ते.
खरं हेही होतं की रोज दोन पोरं तिला
खुर्चीसकट उचलून आत ठेवत,
धानाचं पोतं ठेवावं तशी,
आणि पळायची वेळ आली असती
तर कोण कुणाला उचलत बसलं असतं?
मी उंबरठा उतरता तासला,
दाराच्या बुडाला सायकलच्या टायरची पट्टी ठोकली.
विंचवाचं मी बघतो म्हटलं.
अजून बघतोच आहे.

पत्रात उंची सेंटिमीटरमध्ये होती.
मी ती वाचली, टेप खिशात ठेवला,
तिला म्हटलं, हात लांब कर.
ताणून नाही. वही घेतेस तसा.
जिथं बोटं सैल राहिली
तिथं पेन्सिलची रेघ मारली.
बाकीची पोरं रेघेशी येऊन उभी राहिली,
आपापल्या कमरेशी, छातीशी लावून पाहू लागली.

आणि एखादं पहिलीतलं आतून अडकून बसलं तर
बाहेरून एक खाच ठेवली आहे.
खिचडीच्या पळीचा दांडा तिथं बरोबर बसतो.
हे स्वयंपाकीण बाईला आणि मॅडमला ठाऊक आहे,
तिसऱ्याला सांगितलेलं नाही.

सरावाच्या दिवशी रुळाचा तुकडा तीनदा वाजला.
टिकेश्वरीनं कोपरानं पट्टी खाली ढकलली. खट्.
मॅडमनी बाहेरून ओढून पाहिलं. दार जागचं हललं नाही.
पुन्हा घंटा. पुन्हा खट्.
पोरं मैदानात सुटली.

ती गेली नाही.
बंद केलं, उघडलं.
बंद केलं, उघडलं.
ओसरीत सांडलेले खिळे वेचता वेचता मी मोजत होतो,
सतरा वेळा.
मॅडम म्हणाल्या, पुरे गं, मोडेल ना.

मोडू द्या, मी म्हटलं.
सागवान उरलंय.